थोडं ॲडजस्ट करा

लातुरात घर घ्यायला निघालं की घर मिळायच्या आधी किस्सेच लई गोळा होतात. आमच्याकडं वर्षभराचे साठलेत, अन् एक जरी आठवला तरी डोकं तापतं.

माझी बायको सुनंदा सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. मार्चमध्ये रिटायर होतेय, म्हणजे क्वार्टर सोडणं आलं. आईला चाकूरहून आणायचंय, तिचे गुडघे गेलेत. म्हणून तळमजला पाहिजे, एवढंच एजंटला सांगितलं. त्यानं तिसरा मजला दाखवला. लिफ्टच्या जागी नुसता खड्डा. वर म्हणतो, "थोडं ॲडजस्ट करा सर." आता काय गुडघे ॲडजस्ट करायचे का!

*

दुसऱ्या घराच्या बोअरला म्हणे बारमाही पाणी. मालकानं ऐटीत नळ सोडला, धो धो पाणी. सुनंदा गच्चीवर जाऊन आली. टाकीत टँकरचा पाइप तसाच लोंबत होता. पाणी नसतं तरी चाललं असतं, टँकर आम्हीबी मागवला असता. पण तोंडावर खोटं! उठून आलो.

*

तिसरं दक्षिणमुखी. यमाची दिशा म्हणून एजंट घाबरत घाबरतच बोलत होता. सुनंदा म्हणाली, "आमची वास्तूशी ओळखबी न्हाई अन् वैरबी न्हाई. दार उघडतंय ना?"

घर झकास होतं. तळमजला, पाणी, दारात कडुनिंब. मालकीणबाईंनी चहा टाकला. मालकांनी आडनाव विचारलं. मी कांबळे म्हणालो. चहा येईस्तोवर त्यांना आठवलं की पोरगं पुण्याहून कायमचं परत येणार आहे, घर विकायचंच नाही.

'घर विकणे आहे'ची पाटी अजून त्या गेटवर हाय. मी रोज तिथूनच ऑफिसला जातो, रोज रक्त उकळतं.

*

परवा एजंटचा फोन आला. गिऱ्हाईकच मिळेना म्हणून तेच मालक आता तयार झालेत. फक्त गेटवर नाव लावायचं नाही, गल्लीतले लोक कुरकुर करतात. "दोन-तीन वर्षं सर. थोडं ॲडजस्ट करा."

मी शिव्याच घालणार होतो. सुनंदानं फोन हिसकून घेतला अन् रविवारी येतो म्हणून सांगितलं. मी तिच्यावरबी भडकलो. मार्च तोंडावर आलाय, आईंना कुठं ठेवायचं, एवढंच तिनं विचारलं.

रविवारी गेलो. मालक हसून या या म्हणाले. सुनंदानं बसायच्या आधीच पिशवीतून नवीकोरी पितळी पाटी काढली अन् टीपॉयवर ठेवली. 'कांबळे', ठसठशीत अक्षरांत.

"ही गेटवर कुठं लावायची तेवढं दाखवा," ती म्हणाली. "बाकी सगळं आम्ही ॲडजस्ट करतो."