तेरवीची वांगी

आमच्या शेलूबाजारात मोठा माणूस मेला की कर लागतो. त्याच्या वारसाला नाही, आम्हाला.

हे मला कळलं ते रस्त्यावरच्या दुकानांच्या ओळीचा मालक गेला तेव्हा. त्या दुकानांपुढच्या पत्र्याच्या सावलीत आधी आजी आणि मग माय आठवडी बाजाराला भाजी घेऊन बसत आली. सावलीचं भाडं नव्हतं, रिवाज होता: मालकाकडे लग्न असो की तेरवी, भाजीवाल्यांनी टोपलंभर माल फुकट पोचवायचा. मायनं वाफ्यातली कवळी वांगी निवडून काढली. किडकी आम्हाला खायला ठेवली.

तेरवीला मीही गेले. वारसांवर कर लावा म्हणणारी पत्रकं मी वाटत फिरते, हे गावाला ठाऊक. मालकाच्या एकुलत्या पोराच्या डोक्यावर मामानं नुकतंच पागोटं ठेवलं होतं. दुकानं, प्लॉट, कापसाची जिनिंग, सगळं त्या पागोट्याखाली आलं. सरकार दाराशीही फिरकलं नाही. आणि माय? साबणाच्या वडीवर कर देते, बाजारात टेकली की ग्रामपंचायतीची पावती फाडते. घामावर पावती, आयत्यावर माफी. याला न्याय म्हणायचं तर तो शब्दच थुंकून टाकावासा वाटतो.

मी विचारलंच, "दादा, एवढं आयतं भेटलं, यातलं थोडं सरकारात काहून जाऊ नये?"

"तुह्या बापानं काय ठेवलं थे सांग वं," तो म्हणाला, "त्याचा कर मी भरतो!"

मांडव हसला. वांग्यांचे देठ खुडत बसलेली मायही हसली. किळस आली. तिची नाही, तिला हसावं लागलं, त्याची.

पुढच्या बाजाराला दुकानांपुढे लोखंडी जाळी. आत सावलीला त्याची गाडी. माय बाहेर, जीपगाड्यांच्या धुरात. तिची मेथी दुपारीच मान टाकते.

"त्याच्या बापाचं होतं, त्याले भेटलं," माय म्हणाली.

"मंग तुह्या सासूची जागा तुले काहून नाही भेटली?"

"तुहं पत्रक तुह्यापाशीच ठेव."

परवा त्याचा निरोप आला: बापाचं वर्षश्राद्ध आहे, वांगी पाठवा. आज सकाळी माय वाफ्यात शिरली.

"आता कायले देतं वं माय? सावली तं गेली."

"नाही देल्ली तं जाळी उघडन का थो? हात लाव टोपल्याले."

मी हात लावला नाही. तिनं टोपलं आधी गुडघ्यावर घेतलं, मग एकटीनंच डोक्यावर. मी तळापर्यंत पाहिलं होतं. एकही किडकं नव्हतं.