दोन सायकलींचे आप्पा

“उतर. पाय काय नुसते पायडल मारायला दिल्यात देवानं?”

हे वाक्य आप्पांच्या तोंडून मी किती वेळा ऐकलं, त्याला गणती नाही. चौक आला की ते सायकलवरून खाली उतरत, पँटच्या पायाला लावलेली क्लिप चाचपत, सायकल हातात धरून चालत पलीकडे जात आणि मगच पुन्हा टांग मारत. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला की त्याला हात दाखवून म्हणत, “जा बाबा, तुझी पोरं जेवायची थांबली असतील.”

मोबाइल यायच्या आधीच्या त्या वर्षांत तुम्ही शिरूरच्या स्टँडवरून सकाळची पुण्याची एसटी पकडली असेल, तर त्यांना पाहिलं असेलच. ड्रायव्हरच्या मागची तिसरी खिडकी, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत डबा आणि डब्याशेजारी सायकलचा हातपंप. डबा एखाद्या दिवशी विसरायचा, पंप नाही.

पुण्यात पेठेतल्या एका बाइंडिंगच्या कारखान्यात आम्ही दोघं कामाला होतो. रोजचं अप-डाऊन. आप्पांची वस्ती शिरूरच्या बाहेर, नदीच्या अंगाला. वस्तीपासून स्टँडपर्यंत सायकल, तिथून शिवाजीनगरपर्यंत एसटी, आणि शिवाजीनगरहून पेठेत पुन्हा सायकल. म्हणजे सायकली दोन. एक गावची, एक पुण्याची. पुण्याची सायकल शिवाजीनगरला एका चहाच्या टपरीमागे साखळीनं बांधलेली असे.

यावरून गाडीत रोज चेष्टा चाले. कंडक्टर तिकिटं फाडत विचारायचा, “काय आप्पा, पुण्याची काय म्हणतीय?”

“बरी हाय. जरा कुरकुरती.”

“आन् गावची?”

“तिला अजून कळलं न्हाई.”

अर्धी गाडी हसायची. घरी काकी, म्हणजे आप्पांची बायको, त्या सायकलला सरळ सवतच म्हणायची. “सवतीच्या चेनीला तेल नेतासा. माझ्या डोक्याला कवा आणलंय का बाटलीभर?”

मी कारखान्यात नवा लागलो, त्याच आठवड्यात आप्पांनी मला एक पुठ्ठा दिला. बाइंडिंगचा जाड पुठ्ठा, कडेला कापडाची पट्टी आणि त्यावर निळ्या शाईनं काढलेला शिवाजीनगर ते कारखाना हा रस्ता. चौकांना त्यांनी स्वतःची नावं दिली होती. एक ‘शहाणा सिग्नल’. एक ‘बसचं शेपूट’, म्हणजे बस वळताना तिचा मागचा भाग जिथपर्यंत झाडत येतो ती जागा. आणि एक ‘आंधळा चौक’. तिथं चारी कोपऱ्यांवरच्या इमारतींमुळं आडवी येणारी गाडी अगदी अंगावर आल्याशिवाय दिसत नसे. त्यापुढं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘उतरणे’.

“जाताना डावीकडं वळत वळत जायचं,” त्यांनी मला समजावलं. “उजवं वळण सबंध रस्त्यात दोनदाच हाय. दोन्हीला उतरायचं.”

“पण आप्पा, लांब पडतो की हा रस्ता.”

“धा मिनिटं. गाडीत धा मिनिटं कमी झोप.”

हा रस्ता ठरवायला त्यांनी कामावर खाडा केला होता. रविवारी का नाही गेलात, म्हणून मी विचारलं. तर म्हणाले, “रविवारचा रस्ता खोटं बोलतो. सोमवारी बघावा.” सोमवारभर हा माणूस एकेका चौकात उभा राहून कोण कुठून कसा येतो ते बघत होता. एका हवालदारानं हटकलंही, कुणाची वाट बघताय म्हणून. आप्पा म्हणाले, “सगळ्यांचीच.”

शिरूर, न्हावरे, शिक्रापूर इथून अप-डाऊन करणाऱ्या आणि पुण्यात सायकल ठेवणाऱ्या पंधरा-वीस जणांकडे तरी आप्पांचा पुठ्ठा होता. नवा माणूस गाडीत दिसला की संध्याकाळी पुठ्ठा तयार. त्यांना साऱ्या आयुष्यात एवढा एकच मान मिळाला असेल, आणि तो त्यांना पुरेसा वाटायचा.

पुढं मी सेकंडहँड स्कूटर घेतली आणि पुण्यातच मेव्हण्याकडे ठेवली. लायसन काढायचं राहिलं होतं. आप्पांना मी रोज म्हणायचो, “बसा मागं, पाच मिनिटांत स्टँड.” ते रोज म्हणायचे, “तू हो पुढं.”

माझ्या मुलीचं बारसं होतं त्या दिवशी मालकानं नेमकं उशिरा सोडलं. आप्पांची सायकल पंक्चर होऊन कारखान्याशेजारच्या दुकानात पडलेली. सहाची गाडी चुकली तर बारसं चुकणार. आणि आप्पांना घेऊन येतो, असं मी घरी सांगून ठेवलं होतं. मी गयावया केली. “माझ्यासाठी बसा, आप्पा.” ते बसले.

आंधळा चौक आला तशी त्यांनी माझ्या पाठीवर दोनदा थाप मारली. “थांब. उतरू दे मला.”

“आता कुठं उतरता,” मी म्हणालो आणि गाडी दामटली.

रिक्षा डावीकडून आली. माझं कोपर खरचटलं. स्कूटर आप्पांच्या गुडघ्यावर पडली.

लोक जमेपर्यंत आप्पांनी माझी कॉलर धरून मला जवळ ओढलं. “गाडी त्या बोळात लाव. लायसन न्हाई तुझ्याकडं. लेकीचं बारसं हाय.” रिक्षावाला केव्हाच निघून गेला होता. हवालदार आला तेव्हा ते रस्त्याच्या कडेला बसून, गुडघा दोन्ही हातांनी धरून त्याला सांगत होते, “सायकलवरनं पडलो, साहेब. सायकल पंक्चरवाल्याकडं हाय. ह्या पोरानं उचललं मला.”

मी त्यांना सरकारी दवाखान्यात पोचवलं. तिथं त्यांनी मला हाकललं. “जा, पुढली गाडी गाठ.” मी गेलो. घरच्यांनी बारसं माझ्यासाठी थांबवून ठेवलं होतं; ते झालं, मी पेढे वाटले. दवाखान्यात आप्पांजवळ चहाच्या टपरीचा मालक बसला होता.

दुसऱ्या दिवशी मी आणखी एक गोष्ट केली, आणि ती करायला आप्पांनी मला सांगितलं नव्हतं. पंक्चरच्या दुकानातून सायकल आणली आणि भिंतीला टेकवून, पाय देऊन तिचं पुढचं मडगार्ड वाकवलं. कुणी सायकल बघायला मागितली तर? कुणीच मागितली नाही. एसटीच्या टपावर टाकून ती मी शिरूरला आणली. काकीनं मडगार्ड बघितलं आणि म्हणाली, “हिनंच पाडलं. मला ठाव व्हतं.”

गुडघा पुन्हा वाकला नाही. आप्पांचं पुणं सुटलं. घरी बसून ते शाळेच्या पोरांची पुस्तकं बांधून द्यायचे. वाटेनं जाणारा येणारा विचारायचा, “काय आप्पा, त्या दिवशी उतरला न्हाईसा व्हय?”

“न्हाई उतरलो,” आप्पा म्हणायचे. “उतरायला पायजे व्हतं.”

यात खोटं काहीच नव्हतं. मी समोर असलो तर ते माझ्याकडे बघायचेही नाहीत, मला अवघड वाटू नये म्हणून. पण गाडीतले पुठ्ठे एकेक करून गेले. ज्यानं रस्ता काढला तोच पडला, मग कोण वापरणार? एकानं माझ्या देखत त्यावर वडापाव ठेवून खाल्ला. माझ्या एका शब्दाचं काम होतं. सात वर्षं मी तो उच्चारला नाही. दर दिवाळीला फराळ घेऊन आप्पांकडे जायचो, तेवढंच.

आप्पा दोन दिवसांच्या तापानं गेले. तेरावं झाल्यावर मी वस्तीवर गेलो. काकी ओट्यावर मेथी निवडत होती. मी सगळं सांगितलं. बारसं, स्कूटर, पाठीवरच्या दोन थापा, मडगार्ड.

“म्हंजी सायकलीवरनं न्हाई पडले?”

“न्हाई काकी. उतरू दे म्हणाले. मी थांबलो न्हाई.”

तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. “सात वर्षं मी त्यांना आंधळं म्हणले. आन् तू हितं बसून माझ्या हातचा चा पीत व्हतास.”

“व्हय.”

ती उठून गोठ्यात गेली. कडब्यामागं, भिंतीकडं तोंड करून पुण्याची सायकल उभी होती. तिनं ती ओढत अंगणात आणली. पदरानं सीट पुसली, मग हँडल.

“लय बोलले गं तुला,” ती सायकलला म्हणाली. मग मडगार्डकडे बोट दाखवून मला, “तू वाकवलंस न्हवं? बस खाली. कर सरळ.”

मी बसलो. पत्रा गंजून कडक झाला होता. दोन्ही हातांनी दाबून, दगडानं ठोकून जमेल तेवढा सरळ केला. काकीनं पुढचं चाक उचलून हातानं फिरवलं. कुठंतरी घासत होतंच. मी पुन्हा दगड उचलला, तर तिनं माझा हात बाजूला केला.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली. “बरी हाय. जरा कुरकुरती.”