बाजूला ठेवलेला पेढा

लग्न होऊन अकोल्याहून अमरावतीला आले, त्यानंतरचा माझा पहिला नवस हॉकीचा होता! हे सांगितलं की बाया तोंडाला पदर लावतात. पण आमच्या घरात राहून दुसरं काय होणार? सासरे शाळेत ड्रिलमास्तर होते. ऑलिम्पिक आलं की घरात सणच असे. दर चार वर्षांनी आमच्या मंगळवारच्या भजनी मंडळात एकेक किस्सा जमा व्हायचा. मंडळातल्या बाया भेटल्या की भजन राहतं बाजूला, आधी तेच निघतात.

तर मेलबर्नचं ऑलिम्पिक. मी अंबादेवीला खण-नारळ बोलले आणि आपण पाकिस्तानला हरवून सोनं जिंकलं. नवस फेडायला गेले. पुजारीबुवांनी न विचारताच आशीर्वाद दिला, "पुढच्या वर्षी पाळणा हलन, माय!"

म्हटलं, "बुवा, नवस फिटला. आपण हॉकीत जिंकलो."

बुवा नारळ हातात धरून देवीकडे बघतच राहिले. "धन्य हाय! आजवर लेकरं देत होती, आता गोलही मारून राहिली!"

* * *

त्याआधीचा, हेलसिंकीचा किस्सा सासूबाई सांगत. कुस्तीत आपल्या मराठी मल्लाला कांस्यपदक मिळालं आणि मामंजी गल्लीभर पेढे वाटत सुटले. समोरच्या वकीलसाहेबांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "तिसराच तर आला मास्तर, त्यात काय एवढं?"

मामंजी म्हणाले, "साऱ्या जगात तिसरा, वकीलसाहेब! तुमी या गल्लीत कितवे?"

वकीलसाहेबांनी दुसरा पेढा घेतला.

* * *

आमच्या मंडळातल्या गोदूबाई सराफाघरच्या, माहेर अकोटचं. त्यांना खेळापेक्षा पदकाची काळजी. "मास्तर, ते सोन्याचं पदक किती तोळ्याचं असते हो?"

"आतून चांदीच असते, गोदूबाई. वरून सोन्याचा मुलामा."

गोदूबाईंचा चेहरा पडला. "अन् त्याच्यासाठी इतक्या दूर जातेत? आमचे हे तर असा माल दुकानातबी ठेवत नाहीत!"

* * *

मग आलं रोम. पाकिस्ताननं आपल्याला एका गोलनं हरवलं आणि इतकी वर्षं आपल्याकडे असलेलं सोनं गेलं. पितृपक्ष चालू होता, दुसऱ्या दिवशी घरात खीर होती. मामंजींनी वाटी कपाळाला लावली आणि बाजूला सरकवली.

"सूनबाई, सोनं परत येईस्तोवर गोड सोडलं."

मी म्हटलं, "मामंजी, रौप्य तर मिळालं ना?"

"म्हणूनच पोळी खाऊन राहिलो. नाही तर उपासच केला असता!"

त्या दिवसापासून चहासुद्धा बिनसाखरेचा. पेढ्यासाठी जीव टाकणारा माणूस तो! संक्रांतीला तीळगूळ हातात घ्यायचे आणि पोरांना वाटून टाकायचे.

* * *

दोन वर्षांनी जकार्ताला आशियाई खेळ झाले. गोदूबाई धापा टाकत पेढे घेऊन आल्या. "मास्तर, तोंड उघडा! सोनं आलं!"

"कशात?"

"फुटबॉलमधी!"

मामंजी हसले खरे, पण पेढा परत ठेवला. "आनंद हाय, बाई. पण माही गाय हरवली अन् तुमी म्हैस घेऊन आल्या!"

हॉकीत तिथेही आपण पाकिस्तानकडून हरलो होतो.

* * *

टोकियो जवळ आलं तोवर मामंजी फार थकले होते. काठीशिवाय उठवत नसे. मला एकच धास्ती होती, सोनं येईल तेव्हा पेढा खायला हा माणूस असेल ना? मी मंडळात बोलून दाखवलं. सगळ्या म्हणाल्या, या चातुर्मासात आपणही हॉकीसाठी एकेक पदार्थ सोडू.

गोदूबाईंनी कारलं सोडलं. दुसरीनं सुरण. मामंजी ओट्यावरून ऐकत होते. "वा वं बायांनो! देवाले काय फसवून राहिल्या? आवडीचं सोडा, नाही तर सिल्वरच भेटन!"

गोदूबाईंनी पान सोडलं. मी चहा सोडला. रोज सकाळी डोकं ठणकायचं, आणि ठणकलं की टोकियोची आठवण यायची!

कोजागिरीला मामंजींनी बिनसाखरेचं दूध घेतलं. दोनच दिवसांनी फायनल, आणि समोर पुन्हा पाकिस्तान. वकीलसाहेबांच्या दिवाणखान्यात रेडिओभोवती आमचं अख्खं मंडळ टाळ घेऊन बसलं. आपला एक गोल झाला, आणि त्यानंतरचा वेळ काही सरेना. गोदूबाई सारख्या विचारत, "संपली का वं?"

संपली. जिंकलो! टाळ असे वाजले की रेडिओवर पुढे काय सांगितलं, कोणालाच कळलं नाही.

वकीलसाहेबांनी स्वतः पेढे आणवले. घरी आल्यावर मी मामंजींपुढे ताटली धरली. त्यांनी एक पेढा उचलला, आणि तोंडात घालायच्या आधी दुसरा उचलून कोनाड्यात ठेवला.

"हा कोणाचा, मामंजी?"

"तिकडं लाहोरात माह्यासारखा एखादा म्हातारा असन ना, पोरी. त्यानं आजपासून गोड सोडलं असन. त्याच्या नावाचा."

मग त्यांनी स्वतःचा पेढा खाल्ला. डोळे मिटून, सावकाश. त्या क्षणासाठी मी अंबामायचे किती आभार मानू?

* * *

देवीच्या कृपेनं मामंजींनी मेक्सिकोही पाहिलं. म्हणजे रेडिओवर. तिथे सोनं पाकिस्ताननं नेलं आणि आपण तिसरे आलो.

सगळं मंडळ मामंजींवर तुटून पडलं. गोदूबाई तर लालेलाल. "तुमीच घात केला, मास्तर! कोणी सांगितलं होतं त्या लाहोरवाल्यासाठी पेढा ठेवाले?"

वकीलसाहेब मात्र रस्ता ओलांडून आले, हातात पुडा. "मास्तर, साऱ्या जगात तिसरे आलो! तोंड उघडा."

मामंजींनी तोंड उघडलं. पेढा चघळत कोनाड्याकडे पाहून म्हणाले, "भेटला बाप्पा त्याले."

तुम्हीही पेढे वाटाल ना, तेव्हा एक बाजूला ठेवत जा.