दगडात ढकललेलं पाणी

गुजरातेतल्या एका चाचणीच्या वायुविहिरीवर मी काही वर्षं पाण्याचं काम पाहिलं. तिथे खोल जमिनीत, पापुद्र्यांच्या खडकात शेल वायू अडकलेला असतो. तो मोकळा करायला टँकरमागून टँकर पाणी, त्यात वाळू आणि रसायनं घालून, प्रचंड दाबानं खाली ढकलायचं. खडक तडकतो. वर परत येणारं पाणी खारट, तेलकट. ते प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात कोंडायचं आणि गुरांना जवळ फिरकू द्यायचं नाही. कालव्याचं गोड पाणी असं कायमचं नासताना पाहून माझं डोकं फिरायचं. मी साहेबांशी भांडायचो, ते हसायचे.

ते काम संपलं आणि मी कामरगावजवळ आमच्या गावी परत आलो. त्याच उन्हाळ्यात आमच्या बौद्धवस्तीचा हातपंप कोरडा पडला. बोअरच्या खडकातल्या फटी उघडणारी सरकारी गाडी आली. युक्ती तीच, फक्त इथे रसायनं नव्हती. बोअरमध्ये स्वच्छ पाणी दाबानं सोडायचं, म्हणजे काळ्या पाषाणातल्या बुजलेल्या फटी मोकळ्या होतात. पण त्यासाठी आधी पाणी हवं, आणि ते होतं फक्त शेजारच्या बागायतदाराकडे.

त्याची वांगी, मेथी कारंज्याच्या बाजारात जायची. आम्ही उन्हाळाभर त्याच्याच बोअरवर पाणी भरायचो. पाइप मात्र तो धरणार, भांडी आमची खाली. त्याच्या घरचा गिलास आमच्यापैकी कुणाच्या ओठाला कधी लागला नव्हता. याचा मला राग होता, आणि तहान लागली की मी तो गिळायचो.

गाडीची टाकी भरून द्यायला तो तयार झाला, पण नजर माझ्यावरच होती. जमिनीखालची फट बांध पाहत नाही, हे मला माहीत होतं. दाब त्याच्या बोअरपर्यंत पोचू शकतो, हे मी त्याच्यापासून लपवलं नाही.

"माहं पानी नासलं तं?" त्यानं विचारलं.

"गढूळ होईन काका, नासनार नाई. मी पेतो पहिले."

यंत्र सुरू झालं. दाबाचा काटा चढत गेला, अडला आणि एकदम खाली पडला. फट उघडली होती. वस्तीतल्या बाया हसायला लागल्या, तेवढ्यात त्याची बायको ओरडत आली. त्यांच्या बोअरच्या तोंडातून राखाडी चिखल उसळत होता. यंत्र बंद केलं. तो चिखलाकडे बघत उभा राहिला. संध्याकाळी आमच्या हातपंपाला पाणी आलं, पण आईनं घागर लावली नाही. त्याचं बोअर गेलं असेल तर हे पाणी आपल्याला पचणार नाही, म्हणाली. मला जेवण गेलं नाही. गुजरातेतलं ते तळं डोळ्यांपुढून हलेना.

सकाळी त्याची मोटर ऐकू आली. बराच वेळ चालली, मग थांबली. तो आमच्या अंगणात आला, हातात स्टीलचा भरलेला गिलास. वरून ओंजळीत पाणी ओतलं नाही, गिलासच पुढे केला.

"तू म्हनला होता. पे."

मी ओठ लावून अर्धा प्यायलो. दगडाच्या भुकटीची किंचित चव होती. पाणी गोड होतं.

त्यानं माझ्या हातातून गिलास घेतला, क्षणभर त्यात पाहिलं आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.