गाऱ्हाण्यातल्या मोकळ्या जागा

सुर्ल्याचे खनिजाचे ट्रक रविवारी धावत नाहीत, म्हणून माझं रेकॉर्डिंग रविवारी. साखळी गावात माझं डिझाइनचं दुकान आहे आणि दुकानामागच्या खोलीत एक लाकडी कपाट. त्यातले कपडे काढून मी आत गोधड्या ठोकल्या. सकाळी पोदेर भोंगा वाजवत पाव देऊन गेला, की कपाटात शिरून दार ओढून घ्यायचं आणि आमच्या भागातल्या बोलीबद्दल, पाट्यांवरच्या अक्षरांबद्दल बोलायचं. माझा पॉडकास्ट असा गुडघे पोटाशी घेऊन चालतो. माईक हरमलच्या किनाऱ्यावर गाणाऱ्या एका परदेशी माणसाकडून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याचं विमान होतं, हे मी आधीच शोधून काढलं होतं. तसा सौदा पुन्हा जमला नाही.

मला कुणी शिकवलं नाही, कुणी पुढेही केलं नाही. ट्रकांच्या पाठीवर अक्षरं रंगवत इथवर आलो. अजूनही संगणक उघडण्याआधी सुताराच्या जाड पेन्सिलीने रद्दी कागदावर अक्षर काढतो. जाड रेघेत लपवाछपवी चालत नाही. गिऱ्हाइकांशी माझं भांडण मात्र नेहमी एकाच गोष्टीवरून होतं. लग्नाची पत्रिका असो की कोकम सरबताची बाटली, बोट ठेवून विचारतात, "हंय इतकी जागा मोकळी कित्याक? आणखी एक फोटो घाल मरे." मी म्हणतो, फोटो घालायचा तर दुसरीकडे जा. काहीजण जातातही. पण मोकळी जागा मी भरू देत नाही, कारण ती मी काकांकडून घेतली आहे.

आमचं मूळ गाव पेडण्यात. तिथे देवळासमोर गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराण्याचा, आणि तो काकांकडे होता. गावाच्या वतीने देवाकडे मोठ्याने मागायचं, प्रत्येक मागण्यावर जमलेला गाव म्हणणार, "व्हय म्हाराजा." काकांचं मागणं संपायचं आणि गाव तोंड उघडायचा, त्या दोन्हींच्या मध्ये काका एक श्वासभर जागा सोडत. कमी नाही, जास्त नाही. दोन अक्षरांत किती अंतर ठेवावं हे मला कुणी विचारलं, तर मी त्या श्वासाकडे बोट दाखवीन. गाऱ्हाणं कुठे लिहिलेलं नव्हतं. सुरुवात सगळ्यांना पाठ. पण पुढे सीमेवरच्या राखणदार देवचारांची नावं, त्या वर्षीची आटलेली विहीर, त्या वर्षीची भावकीतली तेढ, हे सगळं काका उभ्याउभ्या गुंफत.

पॉडकास्ट सुरू केला तोच मुळी एक दिवस काकांचं गाऱ्हाणं त्यात यावं म्हणून. त्या भागाचं मुखचित्रसुद्धा आधी तयार होतं. शेवटी एकदा विचारलं.

"देवाक विचारल्याबगर ना," काका म्हणाले.

"काका, देव काय पॉडकास्ट ऐकतो?"

"तो तुझ्यापरस बरा ऐकता."

मग कौल घ्यायचं ठरलं. गुरवाने ओल्या पाकळ्या देवाच्या अंगावर लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली. खरं तर तिथे नमस्कार करून उठायचं असतं. पण मी बाजारात वाढलेला माणूस. पहिल्या नकाराला उठून जाणारा तिथे टिकत नाही.

"पुन्हा विचारा," मी गुरवाला म्हटलं. "सगळं नको. अर्धं द्या म्हणावं."

काका हसले. "अरे, ही म्हापशाची शुक्रवारची फेरी न्हय, घासाघीस करूक."

पण गुरवाने विचारलं. पुन्हा डावी. मग मी नुसती सुरुवात मागितली. पाकळी हललीच नाही. माझं डोकं तापलं. मी म्हटलं, "बरं, काकांचा आवाज राहू दे. गावाचं 'व्हय म्हाराजा' तरी द्या. ते तर माझंही आहे, मीही म्हणतो." आणि उजवी पडली.

"घे," काका म्हणाले. "पदरात काय तरी पाडून घेतलंस. देवाकय दमवलंस."

जत्रेच्या दिवशी मी ठरल्याप्रमाणे वागलो. माईक गावाकडे, अंगठा बटणावर. काका बोलायला लागले की रेकॉर्डिंग बंद, श्वास घेऊन थांबले की सुरू. माझ्या आजूबाजूला मात्र फोनच फोन वर होते. समुद्रकिनाऱ्यावरून आलेले पर्यटक, मुंबईहून आलेले नातेवाईक, देवस्थान समितीतला एक जण सुद्धा, सगळे काकांना टिपत होते. त्यांच्यापैकी एकानेही पाकळी लावली नव्हती. सगळ्या गर्दीत विचारणारा मी एकटा, आणि बोट उचलून काकांचा आवाज थोपवणाराही मी एकटाच. हा राग माझ्या मनातून जात नाही. कुणावर काढावा ते कळत नाही, म्हणून तो जास्तच मुरतो.

पुढच्या पावसाळ्यात काकांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. डोळ्यांत सगळं आहे. ओठ हलतात, पण घशातून येतं ते शब्द नव्हे.

मग मी त्या फोनवाल्यांच्या मागे लागलो. जे जे सापडले त्यांनी व्हिडिओ पाठवले. काका हात जोडून उभे, तोंड हलतंय आणि वर सिनेमातलं गाणं चढवलेलं. मी मूळ मागितलं. "ते काढून टाकलं रे, फोन भरला होता," समितीतला म्हणाला. त्याला मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

माझं स्वतःचं रेकॉर्डिंग घेऊन काकांकडे गेलो. मी तुकडे जोडून, मध्ये अंदाजाने मोकळी जागा ठेवली होती. पडद्यावर आवाजाचे उंचवटे दिसत होते आणि त्यांच्यामध्ये सरळ, मेलेली रेघ. काकांनी ऐकलं. पहिल्या रेघेवर त्यांचे ओठ हलायला लागले. पण ते मागणं पुरं करायच्या आतच गाव "व्हय म्हाराजा" म्हणून मोकळा झाला, मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. ते मागे पडत गेले. मग डाव्या हाताने त्यांनी माझा फोन उलटा करून ठेवला.

यंदाच्या जत्रेआधी समितीने निरोप पाठवला. मान घराण्याचा, घराण्यात उरलो मी. "तू तर माईकवर बोलतंस," ते म्हणाले, "तुका कसला भंय?" मी सांगितलं, मला ते येत नाही, काकांच्या बाजूला उभं राहून शिकायच्या वयात मी साखळीत ट्रक रंगवत होतो. ते म्हणाले, देव ठरवील. पाकळी लावली आणि गुरवाने हात काढायच्या आत उजवी पडली. पहिल्याच वेळी. मी इतक्या अजिजीने मागितलं तेव्हा देवाने भाव पाडला, आणि आता देण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा घासाघीस न करता सगळं माझ्या अंगावर टाकलं.

म्हणून हल्ली रविवारी मी कपाटात बसून तेच रेकॉर्डिंग लावतो. पाठ असलेली सुरुवात म्हणतो, तिथवर जमतं. पुढे मोकळी जागा येते आणि माझ्याजवळ काही नसतं. मागच्या रविवारी तिथे मी रागाने एक शिवी हासडली, समितीला, देवाला, कुणाला ते मलाही माहीत नाही. कानात सगळा गाव एका आवाजात म्हणाला, "व्हय म्हाराजा."

पुढच्या जागेत मी म्हटलं, माझ्या काकांची वाचा परत दे.

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला, अगदी तितक्याच आवाजात.