लिनने घेतलेली अलाबला

मांजर आडवं गेलं तर मी थांबते, पण ते मांजराला वाट द्यायला. दृष्ट-बिष्ट या प्रकारांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, आणि या ग्रुपवरचे असले अनुभव मी आजवर चहासोबत हसत वाचलेत. आता तुम्ही माझ्यावर हसा... चालेल.

आम्ही पुण्याजवळ मांजरी गावात राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मागच्या खोलीत टेबल, लॅपटॉप आणि भिंतीवर रंगीत एबीसीडी. तिथून मी व्हिएतनाममधल्या पाच-सहा वर्षांच्या मुलांना ऑनलाइन इंग्रजी शिकवते. दुपारी साडेतीनला, म्हणजे त्यांच्याकडे पाच वाजता. स्क्रीनवर पाच चौकोन, पाच मुलं. त्यांची भाषा मला येत नाही, माझी त्यांना नाही, त्यामुळे सगळा कारभार हातवाऱ्यांवर. मी उडी मारली की तीही मारतात.

पहिल्याच आठवड्यात सगळ्यांत लहान लिनने रंगांची नावं धडाधड सांगितली. अशा वेळी लांबून टाळी द्यायची, असं आमचं ट्रेनिंग. पण माझे हात सवयीने तिच्या चेहऱ्याकडे गेले आणि मी स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. मुलं खिदळली. मग रोज तेच बक्षीस झालं.

उन्हाळ्यात माझ्या मानेत डावीकडे गाठ आली. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, कागदावर गाठीएवढा गोल काढून दाखवला आणि सुईने तपासणी करायला सांगितली. हे फक्त नवऱ्याला माहीत होतं. वर्गात मी गळ्याभोवती ओढणी घेऊन बसायचे.

तपासणीच्या आदल्या दिवशी प्राण्यांची नावं चालली होती. मधेच लिन उठून कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आली. हसत नव्हती. तिने दोन्ही हात माझ्याकडे केले आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. एवढ्याशा बोटांचा आवाज तो कितीसा असणार? माझ्या हेडफोनमध्ये वाळकी फांदी मोडल्यासारखा आला. या वेळी बाकीची चौघं खिदळली नाहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर माझी मान चाचपत राहिले. परत सोनोग्राफी केली. गाठ नव्हतीच.

"अशी विरघळत नाही हो सहसा," एवढंच म्हणाले. मी येताना पेढे घेतले.

त्या दुपारी लिन वर्गात नव्हती. नंतरही नाही. चौथ्या दिवशी तिच्या आईचा मेसेज आला, मोबाइलवर भाषांतर करून पाठवलेला... लिनला ताप आहे, मानेत डावीकडे गाठ आली आहे.

मी सासूबाईंना सगळं सांगितलं.

"अहो आई, योगायोग असेल ना?"

त्या म्हणाल्या, "अलाबला घेणं म्हणजे काय, ठाऊक आहे ना तुला? तुझी इडापिडा माझ्यावर येऊ दे, असं म्हणणं. म्हणून मोठ्यांनी लहानांची घ्यायची असते. लहानांनी मोठ्यांची नाही गं!"

"मग मी तिची परत घेते."

"बघ, देते का."

मी लिनच्या आईला व्हिडिओ कॉल लावला. हॉस्पिटलच्या पलंगावर लिन उशीला टेकून बसली होती. मी दोन्ही हात स्क्रीनकडे नेले.

लिनने चटकन मानेवर तळवा दाबला, जसं मूल दुसऱ्यापासून खाऊ लपवतं तसं. आणि नकारार्थी मान हलवली.

"नो, टीचर," ती म्हणाली. "माइन."

आणि तिनेच कॉल कट केला.

दोन महिने झाले. तिच्या डॉक्टरांना अजून निदान करता आलेलं नाही, आणि मला या सगळ्याचा अर्थ लावता आलेला नाही. मला भयंकर भीती वाटते, आणि त्याहून जास्त लाज. माझी मान ठणठणीत आहे. रोज सकाळी उठले की पहिल्यांदा डावीकडे बोटं दाबून बघते... गाठ परत आली असेल, या आशेने.