गॅरेजला ठेवलेली फट

सौदीतल्या रास तनुराजवळच्या नव्या घरात आम्ही राहायला आलो ते एका अटीवर. अट माझी होती. आमचे हे रिफायनरीत इन्सुलेशनचे फोरमन. लग्न झाल्यापासून ते इथे कॅम्पातल्या खोलीत आणि मी तिकडे रत्नागिरीत. फॅमिली व्हिसा मिळाला तेव्हा मी म्हटलं, "एक उन्हाळा बघू. लेकीला झेपलं तर राहू, नाहीतर आम्ही दोघी परत." हे "बरं" म्हणाले, पण चेहरा पडला. मीही बॅगा पुऱ्या उपसल्या नाहीत. अर्ध्या भरलेल्या तशाच कपाटावर ठेवल्या.

घर छान होतं, कोरं करकरीत. खोड एकच, घराला चिकटून बांधलेलं गॅरेज. वर नुसता पत्रा. जून लागला तशी मधली भिंत इतकी तापायला लागली की मांडणीतली स्टीलची भांडी हाताला चटका द्यायची. स्वयंपाकघराच्या पलीकडे त्याच भिंतीला लागून लेकीचा पलंग. एसी लावूनही तिला झोप लागेना. शाळेतून आली की दप्तर टाकून विचारायची, "मम्मा, व्हेन आर वी गोइंग बॅक?" हे ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

घरमालकाने "माफी मुश्किल", म्हणजे काही हरकत नाही, म्हणत परवानगी दिली, आणि एका शुक्रवारी यांनी कॅम्पातले दोन मित्र आणले. दोघेही कोकणातले, दोघेही याच कामातले. पत्र्याखाली आणि भिंतींना आतून उष्णता अडवणारं रॉकवूल, त्यावर चकचकीत अॅल्युमिनियमचा पत्रा, प्रत्येक सांध्यात सिलिकॉन. वाफेचे पाइप गुंडाळण्यात ज्यांची उमर गेली ती ही माणसं. कुठे फट दिसली की यांच्या पोटात दुखतं. बघता बघता गॅरेजच्या बाहेरच्या भिंतीत वर असलेल्या हवेच्या जाळ्याही यांनी बुजवायला घेतल्या.

"अहो, त्या राहू द्या की," मी म्हटलं.

"अगं, जाळी म्हणजे गरम हवेला आमंत्रण. तू आपली कुळथाची पिठी बघ."

मी पिठी बघितली. राग आला होता, पण जेवायला पाहुणे होते.

संध्याकाळी भिंतीला हात लावून पाहिला तर खरंच गार. यांची छाती फुगली, आणि खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी हे ड्यूटीवरून आले, गाडी थेट आत घातली आणि शटर ओढलं. तासाभरात भिंत पुन्हा कोमट झाली. मधल्या दारातून पेट्रोलचा वास स्वयंपाकघरात यायला लागला. लेक डोकं धरून बाहेर आली. "हेडेक, मम्मा."

मी मधलं दार उघडलं तर तोंडावर वाफारा आला. मला एकदम माहेरची आंब्याची आढी आठवली. कच्चे हापूस पेंढ्यात घालून खोली बंद करतात, आतली ऊब आतच राहावी म्हणून.

"अहो, आढी घातलीत तुम्ही! तापलेली गाडी आत आणि दारं बंद. काय पिकवायचंय, आम्हाला?"

हे हसणार होते, पण लेकीचा चेहरा पाहून थांबले. शटर वर करून गाडी बाहेर काढली आणि तिथेच उभे राहिले.

"प्लांटमध्ये हवा तपासल्याशिवाय मी कुणाला बंद टाकीत पाऊल टाकू देत नाही," ते म्हणाले. "आणि घरात..." मग हळूच म्हणाले, "एवढ्यात बॅगा भरू नकोस."

मला तरी कुठे जायचं होतं? इतकी वर्षं वेगळं राहिलेली मी, मलाच एकत्र राहणं जमेल का याची भीती होती. उन्हाळा नावाला पुढे केला होता.

पुढच्या शुक्रवारी यांनी स्वतःच घातलेला पत्रा स्वतःच्या हाताने कापला. शटरजवळ खाली हवा आत यायला जाळी, समोरच्या बाहेरच्या भिंतीत वर एक्झॉस्ट पंखा. मधल्या दाराला चहूकडून रबराची पट्टी आणि ते आपोआप लागेल अशी सोय. मधल्या भिंतीतून पाइप गेले होते तिथल्या फटी मात्र मी दाखवून दाखवून बुजवून घेतल्या. तिथे यांची हौस भागली. गाडीनेही आधी बाहेर सावलीत निवायचं, मगच आत यायचं, असं ठरलं.

"काय फोरमनसाहेब, आपल्याच कामाला भोकं? इन्स्पेक्टर पास करायचा नाही हां," मदतीला आलेला एक मित्र म्हणाला.

"इन्स्पेक्टर ही," हे माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले.

ऑगस्ट कठीण गेला, पण गेला. भिंत फार तापली नाही, वास आला नाही. लेकीची शेजारच्या मुलीशी गट्टी जमली आणि सकाळी गाडी गेली की दोघी गॅरेजात स्केटिंग करायला लागल्या. परत कधी जायचं हे ती विचारेनाशी झाली.

सप्टेंबरमध्ये एका संध्याकाळी हे स्टुलावर चढून पंखा पुसत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "मग? तिकिटांचं काय करायचं?"

"काढा की. आंब्याच्या दिवसांत जाऊ," मी म्हटलं. "तिघांची. जायची-यायची."

हे स्टुलावरून उतरले, आत गेले, कपाटावरच्या बॅगा खाली काढल्या आणि माझ्या साड्या एकेक करून कपाटात लावल्या. घड्या काही धड नव्हत्या. मी तशाच राहू दिल्या.